उंद्रीच्या गिंबलाची हकीकत

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न उंद्रीस झाले त्याला आता तीस वर्षे होत आली. आणि त्या लग्नाची जी एकुलती एक व्हिडिओ कॅसेट तिच्या कपाटात शालूच्या घडीखाली जपून ठेवलेली आहे, ती ज्याने म्हणून एकदा पाहिली त्याची अशी समजूत झाल्यावाचून राहत नाही की, त्या दिवशी चिखली तालुक्याला भूकंपाचा धक्का बसला असावा. मांडव हेलकावे खातो. अंतरपाट धरणारे दोघे आळीपाळीने वरखाली होतात. आणि वरात निघते तेव्हा तर नवरदेव, घोडा, बँडपथक आणि पाठीमागचे क्षितिज ही सारी एकाच होडीत बसून पुराच्या पाण्यातून चालली आहेत, असा भास होतो. दोष त्या चित्रण करणाऱ्या गृहस्थाचा नव्हे. खांद्यावर अवजड कॅमेरा, पायांखाली ढेकळांचे रान आणि समोर नाचणारी मंडळी असता वरातीपुढे उलट्या पावलांनी धावणारा माणूस तोंडघशी पडला नाही, हीच त्याची कर्तबगारी म्हटली पाहिजे.

या हलत्या कॅसेटीचे पारायण करीतच माझा भाचा लहानाचा मोठा झाला, आणि पुढे लग्नसराईत शूटिंगची कामे घेऊ लागला. उंद्री हे खामगाव-चिखली रस्त्यावरचे गाव. उदयनगर असे त्याचे दुसरे नाव वर्तमानपत्रांत वाचावयास मिळते, पण माणसांच्या तोंडी उंद्रीच. खरिपात सोयाबीन, कपाशी, तूर. उन्हाळ्यात लग्ने आणि ऊन. यांपैकी उन्हाचा आमच्या यंत्राशी फार निकटचा संबंध आला, तो यथावकाश सांगेन.

भाच्याने प्रथम एक तयार गिंबल, म्हणजे चालता-चालता कॅमेरा स्थिर धरणारा मोटरीचा दांडा, कुणाकडून तरी जुना म्हणून विकत घेतला होता. दोन सराया तो चालला, आणि तिसऱ्या सराईच्या तोंडावर त्याचा एक बोटभर लांबीचा प्लास्टिकचा आकडा तुटला. तो आकडा सुटा मिळत नाही, दुरुस्ती होत नाही, नवे यंत्र घ्या, असा जबाब आला. मोटरी शाबूत, बॅटरी शाबूत, आणि बोटभर प्लास्टिकपायी सगळा सरंजाम अडगळीत! शेतकऱ्याच्या पोराला ही गोष्ट सहन होण्यासारखी नव्हती. वखराची पास मोडली तर लोहाराकडून नवी करून आणतात, वखर फेकून देत नाहीत. "मामा, मी आता पुरा गिंबलच घरी करतो," असे त्याने मला फोनवर सांगितले, आणि मी, सेवानिवृत्तीने मोकळा झालेला मनुष्य, केवळ कुतूहलापोटी उंद्रीस जाऊन राहिलो.

या यंत्रामागची कल्पना काही आजची नाही. एकात एक बसविलेली दोन-तीन कडी, प्रत्येक कडे आपल्या आसाभोवती मोकळे फिरणारे, आणि सर्वांत आत टांगलेली वस्तू. बाहेरचे कसेही कलले तरी आतले सरळच राहावे, ही ती युक्ती. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील फिलो या ग्रीक यंत्रज्ञाच्या नावावर असलेल्या ग्रंथात अशा दौतीचे वर्णन आहे, जी कुठल्याही बाजूवर उपडी केली तरी शाई सांडत नाही. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्दानो याने या टांगणीचे वर्णन केले आणि युरोपात ती त्याच्याच नावाने रूढ झाली, जरी शोध त्याचा नव्हता व तसा त्याचा दावाही नव्हता. जहाजावरचे होकायंत्र असेच टांगलेले असे. आपल्याकडे कावडीच्या दोन बाजूंस दोरीने लोंबणाऱ्या घागरी पाहिल्या की याच कुळातली एक दूरची आप्त भेटल्यासारखी वाटते. खांदा कलतो, घागर कलत नाही. पण कावडीची आणि दौतीची एक खोड आहे. जी वस्तू टांगलेली असते ती सरळ राहते खरी, परंतु झोकाही घेते. कावडवाल्याने पाऊल झपाट्याने उचलले की घागरी मागे राहतात, थांबला की पुढे येतात. कॅमेऱ्याला हा झोका चालत नाही.

चित्रपटसृष्टीने यावर जो पहिला मोठा तोडगा काढला तो स्टेडिकॅम. गॅरेट ब्राउन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७५च्या सुमारास तो सिद्ध केला, आणि दुसऱ्याच वर्षी 'बाउंड फॉर ग्लोरी' व 'रॉकी' या चित्रपटांतून तो लोकांनी पाहिला. त्यात मोटर नव्हती. अंगात घालण्याची बंडी, तिला स्प्रिंगचा हात, आणि त्या हाताच्या टोकाला नीट तोललेला कॅमेऱ्याचा दांडा. बाकी सारे चालणाऱ्याच्या तालमीवर. मोटरींचा हातात धरण्याजोगा गिंबल व्यवसायात गाजला तो २०१३ साली, फ्रीफ्लाय या अमेरिकन कंपनीच्या 'मोवी'मुळे. त्याची किंमत पंधरा हजार डॉलरांच्या घरात होती. मात्र त्याच एक-दोन वर्षांत जगभरचे हौशी कारागीर घरोघर तेच करू लागले होते. कारण मोबाइल फोनांच्या कृपेने कल ओळखणारी चिप काही रुपयांवर आली होती. आणि इंग्लंडात बाथ विद्यापीठातील एड्रियन बॉयर यांनी २००५ साली सुरू केलेल्या रेपरॅप प्रकल्पामुळे प्लास्टिकचे सुटे भाग छापणारे यंत्रही कारखान्यातून माणसाच्या घरात येऊन बसले होते.

असेच एक यंत्र माझ्या बहिणीच्या घरी, पूर्वी ज्या खोलीत कणगी असे त्या खोलीत, येऊन बसलेले मी पाहिले. थ्रीडी प्रिंटर हे नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात ती एक चौकट, आणि तीत मागेपुढे सरकणारी एक तापलेली सुई. प्लास्टिकची तार सुमारे २०० अंशांवर वितळवून ती सुई एक दशांश-दोन दशांश मिलिमीटर जाडीचा एकेक थर काढीत जाते, जशी एखादी सुगरण तव्यावर नव्हे तर हवेत धिरडे घालीत आहे. तळहाताएवढा आकडा छापावयास तीन-चार तास लागतात. उंद्रीत सलग चार तास वीज राहणे हा ज्याच्या-त्याच्या नशिबाचा भाग असल्यामुळे पहिल्या आठवड्यात अर्ध्यावर सुटलेल्या आकड्यांची एक परडी भरली. "लाइट गेली" हे दोन शब्द मी माझ्या आयुष्यात इतक्या विविध स्वरांत कधी ऐकले नव्हते. शेवटी घरचा इन्व्हर्टर टीव्हीच्या सेवेतून काढून प्रिंटरच्या दिमतीस देण्यात आला, आणि मालिका बुडाल्याबद्दल बहिणीची तक्रार मीच ऐकून घेतली.

थर रचण्यालाही शहाणपण लागते. थराच्या दिशेने प्लास्टिक बळकट, पण दोन थरांमधला सांधा नाजूक. लाकूड जसे रेषेवर फुटते तसे हे थरावर फुटते. म्हणून ज्या अंगाने भार यायचा त्या अंगाने थर उलगडणार नाहीत, अशा रीतीने तुकडा आडवा की उभा छापायचा हे आधी ठरवावे लागते. भाचा हे दोन आकडे मोडून शिकला. छापलेली भोके नेहमी किंचित लहान निघतात, तेव्हा ती ड्रिलने साफ करून मगच स्क्रू. आणि मग उन्हाचा प्रताप. पहिली पूर्ण चौकट ज्या पीएलए नावाच्या प्लास्टिकची केली होती, ते मक्यासारख्या पिष्टापासून होते, छापावयास सोपे, दिसावयास देखणे. पण साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडते. वऱ्हाडात पारा सावलीतच चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, मग मे महिन्याच्या दुपारी मोटरसायकलच्या बंद डिकीत काय होत असेल? खामगावला जाऊन आल्यावर चौकट बाहेर काढली तेव्हा तिचा वरचा हात, भर उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा, नम्रपणे वाकलेला होता. भाच्याने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "हे थंड मुलुखातलं प्लास्टिक आहे, मामा," एवढेच बोलून त्याने दुसऱ्या दिवशी पीईटीजीचे रीळ मागविले, जे सुमारे ऐंशी अंशांपर्यंत तग धरते. सारे भाग पुन्हा छापावे लागले.

चौकट उभी झाल्यावर मला वाटले, आता मोटरी जोडतील आणि चमत्कार दिसेल. तसे झाले नाही. पुढचे सहा दिवस मोटरींना विजेचा स्पर्शही नव्हता. त्या सहा दिवसांत भाचा एकच काम करीत होता: तोलणे.

याची हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते साऱ्या यंत्राचे मर्म तिथे आहे, आणि मोटरींच्या कौतुकात बहुतेक लोक नेमके तेच विसरतात. कॅमेरा एका खाचेच्या पट्टीवर बसवायचा आणि पुढेमागे असा सरकवायचा की सोडून दिल्यावर भिंगाची सोंड खाली झुकणार नाही, वरही उठणार नाही. एवढे साधले की कॅमेरा आकाशाकडे तोंड करून उभा करायचा आणि सोडायचा. आता तो मागे किंवा पुढे कलंडला, तर उंची चुकली आहे. हे टिल्टचे झाले. मग आडव्या कलाचा म्हणजे रोलचा आस, आणि शेवटी सबंध दांडा तिरपा धरून डावी-उजवीकडे फिरण्याचा, पॅनचा आस. एक आस सुधारावा तो आधीचा किंचित बिघडतो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मिलिमीटरच्या अंशाने सरकवायचे, सोडायचे, बघायचे. मागच्या बाजूला वजन कमी पडले तेव्हा भाच्याने जुनी, जाड पाच रुपयांची नाणी चिकटविली, कारण ते नाणे बरोबर नऊ ग्रॅमचे असते. सरकारी टांकसाळीचा इतका सदुपयोग मी क्वचित पाहिला आहे.

मी म्हटले, "हा तर वाण्याचा तराजूच झाला." तो म्हणाला, "नायी मामा, तराजू परत येते. ह्यानं परत नाही यायचं." या उत्तराने मी चकित झालो, कारण विचार करता त्यात सारे यंत्रशास्त्र आले होते. तराजूची दांडी हाताने कलवून सोडली तर ती झुलत-झुलत पुन्हा समपातळीला येते. तिचा गुरुत्वमध्य टेकूच्या किंचित खाली असतो, म्हणून ती परत येते, आणि परत येते म्हणूनच झुलते. कावडीचे, दौतीचे, होकायंत्राचेही तेच. गिंबलाचा गुरुत्वमध्य मात्र आसाच्या खालीही नको, वरही नको, नेमका आसावरच हवा. मग कॅमेरा ज्या कोनात ठेवावा त्या कोनात निमूटपणे राहतो, त्याला कुठे परत जाण्याची ओढच उरत नाही. पाऊण किलोचा कॅमेरा आसापासून दोन सेंटीमीटर सरकलेला असला, तर मोटरीला दीड किलो-सेंटीमीटरचा पीळ अहोरात्र सोसावा लागेल. ती तापेल, तिच्याखालचे प्लास्टिक मऊ पडेल, बॅटरी तासाभरात आटेल, आणि खऱ्या धक्क्याच्या वेळी तिच्याजवळ देण्यासारखे काही शिल्लक राहणार नाही. "मोटरनं वजन नसते उचलायचं," भाचा म्हणाला. "पयले तोल, मंग मोटर."

मोटरींचा मामला चिखलीच्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात निकाली निघाला. गिंबलासाठी वेगळ्या मोटरी विकत मिळतात. पण भाच्याकडे पडलेल्या होत्या त्या ड्रोनच्या, म्हणजे जाड तारेचे थोडे वेढे असलेल्या, भन्नाट फिरण्यासाठी जन्मलेल्या. गिंबलाच्या मोटरीने फिरायचेच नसते; अंशा-अर्ध्या अंशाने सरकून तिथेच ठाम उभे राहायचे असते, आणि त्यासाठी बारीक तारेचे पुष्कळ वेढे हवेत, म्हणजे थोडक्या विजेत पुरेसा जोर येतो आणि मोटर तापत नाही. विहिरीवरच्या पाच आणि साडेसात हॉर्सपॉवरच्या जळक्या मोटरींच्या ढिगाऱ्यात बसलेल्या मिस्त्रींनी ती सुपारीएवढी वस्तू तळहातावर घेतली आणि विचारले, "हे कोण्या विहिरीवर बसवता, भाऊ?" सारे हसले. पण त्यांनी चष्मा लावला, आतले बारा दात मोजले, बाहेर फिरणाऱ्या कड्यातली चौदा चुंबके नखाने चाचपली आणि म्हणाले, "थ्री फेज आहे ना? मंग झालं." जगातले मोठे ज्ञान किती थोड्या शब्दांत मावते! तीन फेज, प्रत्येकीला चार दात, त्यांतील दोन सुलट आणि दोन उलट वेढ्यांचे. छताच्या पंख्यात वापरतात ती छत्तीस नंबरची तार, आणि दर दाताला सुमारे ऐंशी वेढे. एका मोटरीचे साडेनऊशेहून अधिक वेढे होतात. पहिलीत तारेचा मुलामा एका धारेवर खरवडला गेला आणि मल्टिमीटरने चुगली केली; सारे उलगडून पुन्हा गुंडाळले. तीन मोटरींना दोन दिवस लागले. मजुरी म्हणून मिस्त्रींनी फक्त तारेचे पैसे घेतले, आणि मुलाच्या लग्नात शूटिंग फुकट करण्याचे वचन मागितले.

त्या दुकानात बसलो असता माझ्या मनात सारखे कोल्हापूर येत होते. ज्यांना महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो त्या कोल्हापूरकर चित्रपटकारांचे मूळ आडनाव मेस्त्री, आणि मिस्त्रीपण हे त्यांच्या घराण्याचे वतनच होते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखविला. तो पाहून वेडावलेल्या आनंदराव आणि बाबूराव या नात्यातल्या बंधूंपाशी विलायतेस जाण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळविला आणि पडद्यावर चित्र फेकणाऱ्या त्या यंत्राच्या अभ्यासातून चित्र टिपणारे यंत्र घडविण्याचा उद्योग आरंभिला. १९१६ साली आनंदराव वारले. काम थांबले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्याने बाबूरावांनी १९१८च्या सुमारास कॅमेरा पुरा केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात लागला. लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. याच दामल्यांनी पुढे प्रभातचा ध्वनिविभाग सांभाळला आणि फत्तेलालांसह 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, हे सांगावयास नको.

त्या काळच्या कॅमेऱ्याचा एक विशेष येथे नमूद केला पाहिजे. तो हाताने फिरवायचा असे. सेकंदाला दोन फेरे, आणि फेऱ्याला आठ चित्रे. ज्याचा एक हात सतत दांडी फिरवीत आहे, त्याने कॅमेरा हातात धरून चालण्याचा प्रश्नच नव्हता. भक्कम लाकडी तिपाई हाच उपाय, आणि स्थैर्य म्हणजे जागेवरून न हलणे, ही व्याख्याही त्यातूनच आली. नट चौकटीत येत, चौकट नटामागे जात नसे. भाच्याच्या यंत्रात ती व्याख्या उलटली आहे. त्यात क्षणभरही काही स्थिर नसते.

कॅमेऱ्याच्या पाटाखाली एमपीयू-६०५० नावाची चार मिलिमीटर चौरस चिप आहे. ती या दरबारातली बातमीदार. तिच्यात दोन हरकारे आहेत. जायरो नावाचा हरकारा वळणाचा वेग फार तत्परतेने सांगतो, पण त्याला थोडी-थोडी चूक साठवीत नेण्याची सवय आहे. दुसरा पृथ्वीच्या ओढीवरून खालची दिशा सांगतो, तो दीर्घ मुदतीत विश्वासू, पण धक्का बसला की भांबावतो. दोघांच्या बातम्या पडताळून खरा कल ठरविणे आणि मोटरींना हुकूम सोडणे हे काम नियंत्रक पाटीचे. आणि ही कचेरी सेकंदाला शेकडो वेळा भरते. तिचा हिशेब तीन सदरांत चालतो. आता या क्षणी कल किती चुकला आहे, हे पहिले. मागची थकबाकी किती साचली आहे, हे दुसरे. आणि चूक किती वेगाने वाढते-घटते आहे, म्हणजे पुढे काय येऊ घातले आहे, हे तिसरे. पहिल्या सदराला अधिकार कमी दिला तर कारभार ढिला पडतो. जास्त दिला तर मोटर भुंग्यासारखी गुणगुणू लागते आणि सबंध चौकट थरथरते. थकबाकीच्या वसुलीत सक्ती केली तर कॅमेरा हळूहळू झुलतो. मामलेदारीत काय आणि यात काय, जिल्हा शांत ठेवायचा तर तिन्हींचे प्रमाण जमावे लागते. भाच्याने ते रात्रीच्या रात्री जागून, आकडे वहीत लिहून जमविले. एका रात्री तर सारे आकडे बरोबर असूनही गुणगुण थांबेना. शेवटी दोष एका जाड वायरीत निघाला, जी वळताना कॅमेऱ्याला हळूच ओढत होती. तिच्या जागी केसासारख्या मऊ वायरी घातल्या आणि घर झोपी गेले.

पॅनच्या आसाचे मात्र एक दुखणे राहिले. पृथ्वीची ओढ खाली कोणते हे सांगते, उत्तर कोणती हे सांगत नाही. त्यामुळे त्या दिशेची जायरोची चूक दुरुस्त करणारा दुसरा साक्षीदारच नाही. यंत्र जागेवर ठेवले की काही मिनिटांत कॅमेरा अगदी मंदपणे, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, दुसरीकडे तोंड फिरवू लागतो.

पहिली चाल गल्लीत झाली. चित्र पाहिले तर क्षितिज दोरीसारखे सरळ, पण सारे जग पावलागणिक वरखाली उसळत होते. गिंबल कल निस्तरतो; देहाची उचल-आपट तो निस्तरीत नाही. स्टेडिकॅमला त्यासाठी स्प्रिंगचा हात होता, आमच्याकडे नव्हता. ओट्यावर बसून हा सारा खटाटोप पाहणाऱ्या भाच्याच्या आजीने, जिच्या ऐन उमेदीत गावात नळ नव्हता आणि विहीर लांब होती, सुपातली तूर बाजूला सारून विचारले, "असा धपधप काहून चालतोस रे?" मग तिने उठून चालून दाखविले. पंच्याहत्तरी उलटलेली ती बाई डोक्यावर नसलेल्या घागरीखाली गुडघे सैल सोडून, टाच आधी टेकवीत, कमरेच्या वर तसूभरही न हलता अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. "डोक्यावर पाणी आहे असं समजून चाल ना बापा," ती म्हणाली. आठ दिवस तो पोरगा अंगणात पाण्याने भरलेला तांब्या डोक्यावर घेऊन हिंडत होता, आणि शेजारची पोरे भिंतीवर बसून तो केव्हा सांडतो याची वाट पाहत होती.

दोन महिन्यांनी शेजारच्या गावी हळदीचा कार्यक्रम होता, तिथे यंत्र प्रथम कामावर रुजू झाले. मीही गेलो होतो. तास-दीड तास सारे ठीक चालले. मांडव मांडवासारखा उभा, हळद लावणाऱ्या बायकांचे हात स्पष्ट, नवरदेवाचा चेहरा पिवळा पण निश्चल. जेवणाच्या वेळी भाच्याने दांडा एका खुर्चीला बांधून कॅमेरा नवरदेवाकडे रोखून ठेवला आणि दोन घास खाऊन घ्यावे म्हणून पंगतीला बसला. आम्ही परतलो तेव्हा कॅमेऱ्याने आपल्या जुन्या खोडीप्रमाणे नवरदेवाकडून हळूहळू मान वळवून वाढप्यांकडे लक्ष दिले होते, आणि बॅटरीही संपली होती. मोटरी मुक्या, दिवा विझलेला. भाच्याने बोटाने कॅमेऱ्याला हलकेच स्पर्श केला. तो तिरपा झाला आणि तसाच, त्या कोनात, मोटरींवाचून उभा राहिला. त्याने दुसरीकडे कलविला, तिथेही तो राहिला. तेवढे पाहून तो खिशातून दुसरी बॅटरी काढू लागला.